झुकलेली पापणी आणि सरकारी हिशेब

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून ते १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आले. त्याच मुलखातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे, १९९२-९३ साली झालेल्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. मुलांच्या आरोग्याची नवी हमी देण्यासाठी हा मुलूख निवडला जाण्यात औचित्य होते. हमीही मोठी होती. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा. तीस प्रकारच्या व्याधींचा शोध. आणि दोष आढळल्यास पुढील सर्व उपचार, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य.

तीस व्याधींच्या त्या यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हृदयाचा जन्मजात दोष आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा दृष्टिपटलाचा विकार आहे. जन्मतः झुकलेली पापणी नाही. दृष्टिदोष असा एक सर्वसाधारण शब्द यादीत पुढे येतो, आणि एखाद्या जाणत्या डॉक्टरने मनावर घेतले तर पापणीला त्यात बसवता येते. परंतु यादीत नाव असणे आणि अर्थ लावून बसवून घेणे ह्यांत शासनव्यवहारात किती अंतर असते, हे ज्याने एकदा तरी रेशनकार्डासाठी कचेरीची पायरी चढली आहे त्याला सांगावे लागू नये.

हा विकार दिसायला साधा आहे. वरची पापणी उचलणारा एक बारीक स्नायू असतो. काही बालकांत तो गर्भावस्थेतच नीट घडत नाही. स्नायूच्या जागी चिवट तंतू आणि चरबी राहते. पापणी वर जात नाही, आणि ताणली न गेल्याने खाली पाहतानाही पुरती उतरत नाही. बहुतेक बाळांत एकच डोळा असा असतो. काहींत एक विलक्षण प्रकार आढळतो : बाळ अंगावर पिऊ लागले की जबड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर झुकलेली पापणी टपटप वर उडते. मार्कस गन ह्या स्कॉटिश नेत्रवैद्याने १८८३ साली ह्याचे वर्णन केले. तत्पूर्वीच्या कित्येक पिढ्यांतील आयांनी ते पाहिलेच असणार. त्यांनी पाहिले त्याची नोंद कोणी घेतली नाही इतकेच. उलट आपल्याकडे त्या आईलाच दोषी धरले जाते. पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही, सुरी हातात घेतली, म्हणून मूल असे झाले, हे तिला सासरी ऐकावे लागते. ग्रहणाचा आणि ह्या स्नायूचा काडीइतकाही संबंध नाही. काही कुटुंबांत डोळ्यांच्या फटी लहान व पापण्या झुकलेल्या अशी ठेवण वंशाने येते खरी, पण ती बापाकडूनही येते, हे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

झुकलेली पापणी म्हणजे केवळ रूपाचा प्रश्न, ही समजूत गावात आहे तशीच शहरात आहे, आणि दवाखान्यांतही ती पुरती मेलेली नाही. ती चुकीची कशी, हे साठ वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल ह्या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध केले. नवजात पिल्लाच्या एका डोळ्याच्या पापण्या त्यांनी टाके घालून मिटवल्या आणि काही आठवड्यांनी उघडल्या. डोळा शाबूत होता. परंतु मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी त्या डोळ्याच्या संदेशाला जवळजवळ प्रतिसादच देईनात. त्याची जागा उघड्या डोळ्याने व्यापली होती. मोठ्या वाढलेल्या मांजराची पापणी तशीच मिटून ठेवली तर असे काही घडत नव्हते. ह्या कार्यासाठी दोघांना १९८१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मेंदू पाहायला शिकतो तो आयुष्याच्या आरंभीच्या काळात, आणि त्या काळात जो डोळा झाकलेला राहिला त्याला नंतर उघडूनही दिसत नाही, हा त्याचा इत्यर्थ. बाळाची पापणी बाहुलीवर उतरलेली असेल तर निसर्ग त्याच्यावर नेमका तोच प्रयोग करीत असतो.

अशा डोळ्याला बोलीत ‘आळशी डोळा’ म्हणतात, आणि तोच शब्द आता सरकारी पत्रकांतही आला आहे. ज्याला कामच मिळू दिले नाही त्याला आळशी ठरवण्याची ही रीत ह्या पानाच्या वाचकांना अपरिचित नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. प्रत्येक झुकलेल्या पापणीला तान्हेपणी शस्त्रक्रिया लागते असे नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका काउंटीत चाळीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यावरून साधी जन्मजात झुकलेली पापणी सुमारे ८४२ जन्मांमागे एका बाळात आढळते असा हिशेब २०११ साली निघाला. त्याच नोंदींत पापणी झुकलेल्या मुलांपैकी साधारण सातांत एकाची दृष्टी मंदावलेली आढळली. त्यातही सर्वांच्या बाबतीत बाहुली झाकली गेली हेच कारण नव्हते. पापणीच्या दाबाने किंवा अन्यथा दोन डोळ्यांच्या नंबरात पडलेला फरक आणि तिरळेपणा हीही कारणे होती. परदेशातील एका काउंटीचे प्रमाण जसेच्या तसे भारताला लावणे शास्त्रीय नव्हे. तरी अंदाजासाठी ते घेतले, आणि देशात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख जन्म होतात असे धरले, तर दरसाल सत्तावीस हजारांच्या आसपास अशी बाळे जन्मतात, आणि त्यांतील चारेक हजारांची दृष्टी धोक्यात असते. उरलेल्यांची शस्त्रक्रिया तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत थांबू शकते. किंबहुना तोपर्यंत स्नायूचे बळ नीट मोजता येते म्हणून थांबणेच इष्ट. प्रश्न त्या चार हजारांना सत्तावीस हजारांतून, आणि तेही पहिल्या काही महिन्यांत, निवडून काढण्याचा आहे.

ही निवड अशक्य कोटीतली नाही. बाळाचा चांगला डोळा हाताने झाकला आणि ते चिडून रडू लागले, तर दुसऱ्या डोळ्याने त्याला नीट दिसत नाही असा संशय घ्यावा. विजेरीचा प्रकाश दोन्ही बाहुल्यांत चमकतो की एकाच, हे पाहावे. मोठी खूण मानेची. पापण्या झुकलेले मूल हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून पापणीखालून पाहू लागले, तर घरचे घाबरतात. वास्तविक ते मूल तो डोळा वापरण्यासाठी धडपडत असते. एका बाजूची पापणी पुरती खाली आली आहे आणि मूल मान मुळीच वर करीत नाही, तेथे अधिक घाबरावे. त्याने तो डोळा सोडून दिलेला असण्याचा संभव असतो. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरावीक भेटी देते. नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून सिद्ध झाली आणि तेथून देशभर गेली. गावातील बाई न्यूमोनिया ओळखू शकते हे ज्या महाराष्ट्राने जगाला दाखवले, तेथे तिला बाहुली झाकलेली आहे की नाही हे ओळखता येणार नाही असे म्हणणे हास्यास्पद होईल. निदान तिने करायचे नाही. कधी कधी पापणीमागे मज्जातंतूचा दुसरा गंभीर विकार दडलेला असतो, आणि तो शोधणे नेत्रतज्ज्ञाचेच काम. तिने फक्त बाळ वेळेत पुढे धाडायचे आहे.

मग हे होत का नाही? त्याचे उत्तर वैद्यकात नाही, हिशेबाच्या पद्धतीत आहे.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. अंधत्वाचे मुख्य कारण मोतीबिंदू, म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची संख्या हेच कामाचे माप झाले. १९९४ ते २००२ ह्या काळात जागतिक बँकेच्या कर्जावर सात राज्यांत, त्यांत महाराष्ट्रही होता, खास मोतीबिंदूसाठी प्रकल्प राबवला गेला. ह्या कार्यक्रमाने लाखो वृद्धांना दृष्टी परत दिली, हे मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. उद्दिष्ट जवळ आले. परंतु ह्या पाहणीत अंध कोण? ज्याच्या दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची दृष्टी ठरावीक मर्यादेखाली आहे तो. म्हणजे ज्या मुलाचा एक डोळा पापणीमागे कायमचा निकामी झाला व दुसरा धड आहे, ते ह्या हिशेबात अंध नाही, त्याचे काही बिघडलेलेच नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातही तेच. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा उत्तम असला तर अपंगत्व ३० टक्के धरतात, आणि सवलतींना किमान ४० टक्के लागतात. इकडे सैन्य, पोलीस, रेल्वेगाडीचा चालक ह्या नोकऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही डोळे वेगवेगळे पाहिले जातात. सवलत मागायला गेला तर तो पुरेसा अपंग नाही. नोकरी मागायला गेला तर तो पुरेसा धडधाकट नाही. गरीब घरातील तरुणाला खात्रीचा पगार देणाऱ्या ज्या थोड्या वाटा उरल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच त्याला अशा बंद होतात, आणि ह्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

खासगी विम्याची तऱ्हा आणखी निराळी. विमा नियामकाच्या प्रमाण व्याख्यांत जन्मजात व्यंगाचे आंतरिक व बाह्य असे दोन भाग आहेत. शरीराच्या दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या भागावरचे ते बाह्य. अनेक पॉलिसी बाह्य व्यंगाचा खर्च वगळत आल्या आहेत. व्यंग दिसते, म्हणून ते रूपाचे. रूपाचे, म्हणून चैनीचे. चैनीचे, म्हणून ज्याचे त्याने पाहावे, असा हा तर्क आहे. तोच तर्क मनात ठेवून सरकारी रुग्णालयातील गर्दीने गांजलेला डॉक्टर सहा महिन्यांच्या बाळाच्या आईला ‘मोठा झाला की बघू’ म्हणून परत पाठवतो. सातांपैकी सहांच्या बाबतीत त्याचे म्हणणे बरोबर ठरते. सातव्याचा डोळा त्या वाक्यात जातो.

शस्त्रक्रिया स्वतः फार खर्चिक नाही. स्नायूत थोडे बळ असेल तर तो आखूड करून बसवतात. बळ नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात, म्हणजे भुवई उचलली की पापणी उचलली जाते. टांगण्यासाठी उत्तम धागा म्हणजे मुलाच्याच मांडीतून काढलेला चिवट पट्टा; पण त्यासाठी मूल साधारण तीन वर्षांचे व्हावे लागते. बाहुली झाकलेल्या तान्ह्या बाळाला तितका वेळ नसतो, म्हणून तात्पुरता सिलिकॉनचा दोर घालतात आणि पुढे गरजेनुसार पुन्हा शस्त्रक्रिया करतात. अडचण येते ती भुलीची. मोतीबिंदूचा वृद्ध डोळ्यापुरती भूल घेऊन निमूट पडून राहतो. बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तान्ह्या मुलांना भूल देण्यात मुरलेला तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयातही हमखास मिळेल असे नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. सरकारांचा आरोग्यावरील एकत्रित खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या आरोग्य धोरणाने २०२५ सालापर्यंत तो २.५ टक्के करण्याचे वचन दिले होते. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व तर भोर समितीने १९४६ सालीच, स्वातंत्र्याच्याही आधी, लिहून ठेवले आहे.

तथापि शस्त्रक्रियेला ह्या उपचाराचा अर्धा भाग म्हणणेसुद्धा तिला जास्त मान देणे होईल. पापणी उचलल्यावर झोपेत डोळा अर्धवट उघडा राहतो. बुबुळ कोरडे पडू नये म्हणून रोज रात्री मलम घालावे लागते. चष्मा लागतो, तो लहान मूल मोडते, नंबर बदलतो, पुन्हा करावा लागतो. मागे पडलेल्या डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायची असते, आणि मूल ती ओरबाडून काढते. हे महिनोन्महिने चालते, कधी वर्षे. दर काही आठवड्यांनी तपासणीला यायचे असते. ह्या सर्व श्रमाचा मोबदला शासनाच्या कोणत्याही पॅकेजात धरलेला नाही. तो आईच्या दिवसातून वसूल होतो. ‘विनामूल्य उपचार’ ह्या शब्दाचा अर्थ शस्त्रक्रियेपुरताच खरा आहे.

मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरचे कुटुंब घ्यावे. दिवाळी झाली की ते वीटभट्टीवर जाते, भिवंडीकडे किंवा वसईकडे, आणि पावसाच्या तोंडाशी परतते. बीडचे ऊसतोड कुटुंब त्याच सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते. तेथे एक खाडा झाला तर मजुरी बुडतेच, वर दंड कापला जातो. अंगणवाडीतील तपासणी वर्षातून दोनदा होते, त्यांतली एक ह्या मुलांच्या गैरहजेरीत होण्याची शक्यता मोठी. तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, शस्त्रक्रियाही झाली असे धरले, तरी पुढची तारीख हंगामात पडते. तारीख चुकते. पट्टी सुटते. दोन वर्षांनी मूल आणले जाते तेव्हा कागदावर ‘पालकांनी पाठपुरावा केला नाही’ असा शेरा पडतो. पापणी मात्र छान उचललेली असते, छायाचित्रात उठून दिसते. यशस्वी शस्त्रक्रियांच्या आकड्यात तिची भर पडलेली असते.

ह्या संदर्भात शिबिरांविषयीही स्पष्ट बोलणे जरूर आहे, कारण शिबिर भरवणे हा सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांचा आवडता उपक्रम आहे आणि समाजवादी पक्ष त्याला अपवाद नाही. मोतीबिंदूला शिबिर चालून जाते : वृद्ध येतो, शस्त्रक्रिया होते, महिनाभर थेंब, काम संपले. बाळाच्या पापणीचे काम शस्त्रक्रियेपासून सुरू होते. मंडप उठल्यावर मलम कोण देणार, चष्मा कोण बदलणार, दोर सुटला तर आईने कोणाचे दार ठोठावायचे? शिबिरात दाता दिसतो, फलक दिसतो, हक्क दिसत नाही. कार्यकर्त्यांनी आपली शक्ती बाळे हुडकण्यात आणि त्यांच्या मागे वर्षभर उभे राहण्यात घालवावी.

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. ज्या जिल्ह्यांत मुले अजून कुपोषणाने खंगतात, तेथे सातांत एकाच्या पापणीची चर्चा करणे ही मध्यमवर्गीय हौस नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो साधनसामग्री एका रोगापुरती असते असे गृहीत धरतो. लहान मुलांना भूल देणारा तज्ज्ञ जिल्ह्याला मिळाला तर तो जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा, फाटलेला ओठ, हर्निया ह्या साऱ्यांना उपयोगी पडतो. चष्मे पुनःपुन्हा देण्याची व्यवस्था प्रत्येक शाळेतील मुलाला लागते. स्थलांतरित मुलाची तपासणीची नोंद त्याच्याबरोबर भट्टीवर पोचली, तर त्याच नोंदीने त्याचे वजन आणि लसही पोचेल. झुकलेली पापणी ही व्यवस्थेच्या कोणत्या कड्या तुटल्या आहेत हे दाखवणारी खूण आहे, आणि सुदैवाने ती खूण चेहऱ्यावरच असल्याने तिला शोधायला यंत्र लागत नाही. शिवाय कुपोषणाने गेलेले वजन उशिरा का होईना थोडेफार भरून काढता येते. मुलाचे वय वाढत गेले की ह्या डोळ्याची भरपाई कठीण होत जाते आणि पुढे ती होतच नाही. म्हणून येथे मुदत हा हक्काचाच भाग मानला पाहिजे. रोजगार हमीत पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, हे तत्त्व महाराष्ट्रातील चळवळींना नवे नाही. बाहुली झाकलेल्या बाळाला अमुक आठवड्यांत नेत्रतज्ज्ञासमोर उभे करण्याची तशीच बंधनकारक मुदत मागता येते, आणि चुकल्यास जाब विचारता येतो.

मागण्या सोप्या भाषेत मांडता येण्याजोग्या आहेत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बोलावलेल्या प्रत्येक बाळाच्या आईला एस.टी.चे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची किमान वेतनाइतकी मजुरी रोख मिळावी, आणि ती शस्त्रक्रियेच्या दिवसापुरती न राहता पट्टीच्या प्रत्येक फेरीला मिळावी. आशा कार्यकर्तीला ह्या पाठपुराव्याचा वेगळा मोबदला असावा. तिच्या गळ्यात आणखी एक फुकटचे काम घालण्यात समाजवाद नाही. हंगामात तपासणी पथके भट्ट्यांवर आणि साखर कारखान्यांच्या तळांवर जावीत, आणि ह्या खर्चाचा वाटा भट्टीमालक व कारखान्यांकडून वसूल व्हावा. कामाचे माप किती पापण्या उचलल्या हे न राहता, पाच वर्षांच्या वयात किती मुलांना त्या डोळ्याने दिसते, हे असावे.

आणि यादीत नाव घालावे. तीस व्याधींची यादी म्हणजे काही घटना नव्हे. सिकलसेल, थॅलॅसेमिया, थायरॉइडची जन्मजात कमतरता ह्यांचा विचार राज्यांनी स्थानिक गरजेप्रमाणे करावा अशी मोकळीक त्या कार्यक्रमाच्या आखणीतच ठेवलेली आहे. त्याच धर्तीवर ‘जन्मतः झुकलेली पापणी, बाहुली झाकलेली : तातडीने’ एवढी एक ओळ राज्याचा आरोग्य विभाग आपल्या तपासणीच्या कार्डावर एका परिपत्रकाने छापू शकतो. पालघरच्या कार्यकर्त्यांनी ती मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे पहिल्यांदा न्यावी, दिवाळीपूर्वी, म्हणजे पाडे रिकामे होण्याच्या आत.